पटावर किती, परीक्षेला किती

जुलैत व्हॉट्सअ‍ॅपवर एका छोट्या ऑनलाइन शाळेची जाहिरात फिरत होती. वर ठळक अक्षरांत 'दहावीचा निकाल 100 टक्के', खाली नऊ मुलांचे पासपोर्ट फोटो, प्रत्येकाखाली टक्के आणि तळाशी प्रवेशासाठी फोन नंबर. त्यातली दोन मुलं गणवेशात होती, म्हणजे फोटो आधीच्या शाळेतला. कुणा आईनं त्यावर एवढंच विचारलं होतं, "वर्गात एकूण मुलं किती होती?" उत्तर आलं, "मॅडम, नवीन बॅचचे प्रवेश सुरू आहेत, संपर्क करा." त्या आईला उत्तर मिळालं नाही ही गोष्ट मनातून जाईना. तिनं विचारलं ते अगदी नेमकं होतं, आणि अशा शाळांबद्दल नेमकं तेच कुणी विचारत नाही.

नेहमीच्या शाळेत हे विचारायची वेळ येत नाही. वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात पट आणि हजर संख्या खडूनं लिहिलेली असते. एखादं मूल आठवडाभर आलं नाही तर बाकावरच्या शेजाऱ्याला ते बाईंच्या आधी माहीत असतं. "बाई, तो गावाला गेलाय" हे तोच सांगतो. ऑनलाइन वर्गात शेजारी नसतो. यादीत नाव दिसतं, कॅमेरा बंद असतो, काळ्या चौकटीतलं आद्याक्षर तासभर तिथंच राहतं. त्यामागे मूल वही उघडून बसलंय की लॉगिन करून पुन्हा झोपलंय, हे शिकवणाऱ्याला एखादा प्रश्न नाव घेऊन विचारेपर्यंत कळत नाही. आणि जे मूल येणंच बंद करतं त्याचा मागमूसही उरत नाही. रिकामी जागा दिसायला आधी जागा असावी लागते.

दुसरी गोष्ट पालकांना बहुधा प्रवेश घेतल्यानंतर उमगते. दहावीचे वर्ग घरबसल्या देणाऱ्या अशा बऱ्याच छोट्या शाळा परीक्षा मंडळाच्या लेखी शाळाच नसतात. त्या शिकवतात, मुलाची खरी नोंदणी असते ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, किंवा आपल्या राज्य मंडळाकडे 17 नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून. एनआयओएसच्या कागदपत्रांत एखाद्या अभ्यासकेंद्राचं नाव येतं, 17 नंबरच्या मुलाला एखादी संपर्ककेंद्र शाळा मिळते. ऑनलाइन वर्ग घेणाऱ्याचं नाव कुठंच येत नाही. त्यामुळे त्या वर्गाचा म्हणून कोणताही निकाल कुणीही अधिकृतपणे जाहीर करत नाही. 100 टक्के खरे की खोटे हे पडताळायचं तर त्या शाळेच्या स्वतःच्या वहीखेरीज दुसरं साधन नाही. सरकारी पातळीवरही चर्चा वेगळ्याच मुद्द्यावर अडते. दिल्ली सरकारनं 31 ऑगस्ट 2022 रोजी नववी ते बारावीसाठी व्हर्च्युअल शाळा सुरू करून ती देशातली पहिली असल्याचं सांगितलं, तेव्हा एनआयओएसनं आपण 2021च्या ऑगस्टमध्येच अशी शाळा सुरू केल्याचं लक्षात आणून दिलं. पहिला मान कुणाचा यापेक्षा, आलेल्यांपैकी किती मुलं शेवटपर्यंत टिकली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

या वर्गांत येतं कोण, हे पाहिल्याशिवाय निकालाबद्दल बोलणं अन्याय्य होईल. रोज सहा तास बॅडमिंटन किंवा पोहण्याचा सराव करणारी मुलं येतात, तसंच लांबलेलं आजारपण असलेली, शाळेत छळ झालेली, घरीच शिकलेली, परदेशातून वर्षाच्या अधेमधे परतलेल्या कुटुंबांतली मुलंही येतात. गणिताच्या आकड्यांशी ज्यांचं मेंदूपासूनच जमत नाही अशी मुलं येतात, कारण एनआयओएसमध्ये गणित न घेताही दहावी करता येते: एक भाषा हवी, एकूण पाच विषय हवेत, मग गणिताऐवजी गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री, मानसशास्त्र यांतलं काही घेतलं तरी चालतं. मराठी माध्यमातूनही पेपर देता येतो. पण मोठा गट असतो तो नववीत अडकलेल्या मुलांचा. दहावीचा निकाल घसरू नये म्हणून कच्च्या मुलाच्या पालकांना नववीच्या शेवटी बोलावून "17 नंबर भरा, घरून करा" असं सुचवणाऱ्या शाळा महाराष्ट्राला नव्या नाहीत. मूल बाहेर गेलं की त्या शाळेच्या निकालातून वजा होतं आणि खाजगी विद्यार्थ्यांच्या वेगळ्या रकान्यात जातं. 2025च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत नियमित विद्यार्थ्यांचा निकाल 94.10 टक्के लागला. खाजगी विद्यार्थ्यांचा ऐंशीच्या आसपास होता, तर पुनर्परीक्षार्थींचा चाळीसच्याही आत. पहिल्या रकान्याची चमक थोडीफार उरलेल्या दोन रकान्यांच्या जिवावर उभी असते.

ऑनलाइन शाळेच्या वहीत ही मुलं येतात तेव्हाच ती थकलेली असतात.

आणि मग गळती सुरू होते. ती एकदम होत नाही, ठरलेल्या जागी होते. ज्यांनी दोन-तीन वर्षं हे काम केलंय त्यांना त्या जागा तोंडपाठ असतात. पहिली जागा प्रवेशाचा फॉर्म. दाखल्यावर आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं. आधारवर मुलाचं आधी. एकीकडे 'प्रसाद'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ए, दुसरीकडे तीन. आईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. फॉर्म ऑनलाइन असल्यानं हे सगळं अपलोड होऊन जातं, आणि त्रुटीचा ईमेल येतो तो सायबर कॅफेवाल्यानं फॉर्म भरताना टाकलेल्या त्याच्याच ईमेलवर. पालकांना वाटतं प्रवेश झाला. महिन्याभरानं कुणी चौकशी केली तर कळतं की अर्ज अडकलाय. यावरचा उपाय अगदी साधा आहे: प्रवेशाच्या दिवशी दाखला आणि आधार शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक अक्षर मोठ्यानं वाचायचं, आणि ईमेल व मोबाईल नंबर घरच्याच कुणाचा आहे ना ते समोर ओटीपी मागवून बघायचं. याला वीस मिनिटं लागतात. घाईत तीच वाचवली जातात.

दुसरी जागा गृहपाठाची, ज्याला एनआयओएसमध्ये टीएमए म्हणतात. त्याला विषयाच्या वीस टक्के भार असतो. प्रश्न पोर्टलवर असतात, उत्तरं हातानं लिहून, पानांचे फोटो काढून, त्यांची पीडीएफ करून मुदतीत चढवायची. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात ती पानं बघावीत. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो, पानावर मोबाईलची आणि हाताची सावली, निळ्या बॉलपेनची अक्षरं उजवीकडे फिकट होत गेलेली. तिसरं पान उलटं, चौथं दोनदा. कोपऱ्यात चटईची वीण आणि स्टीलच्या पेल्याची कड. फाइल मर्यादेपेक्षा मोठी झाली म्हणून फुकटच्या अ‍ॅपवर दाबून इतकी लहान केलेली की समीकरणातला वर्ग आणि घन वेगळे कळत नाहीत. मुलानं मेहनत केलेली असते, मिळणारे गुण मात्र फोटोवर अवलंबून. ज्या शाळांत हे नीट चालतं तिथं पहिल्याच महिन्यात एक अख्खा तास फक्त पान स्कॅन करायला शिकवतात: दिवसा खिडकीजवळ, पान जमिनीवर सपाट, मोबाईल बरोबर वरून समांतर, काळं पेन, पानाच्या माथ्यावर नोंदणी क्रमांक आणि विषयाचा संकेतांक. मराठीचा 204, गणिताचा 211, विज्ञानाचा 212. हे आकडे मुलांना जन्मतारखेसारखे पाठ हवेत, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी तेच लागतात.

तिसरी जागा सगळ्यांत घातक. एनआयओएसमध्ये प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं होत नाही. परीक्षेचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळं, तेही विषयवार, आणि त्याची मुदत वेगळी. शाळेत परीक्षेचा फॉर्म शाळाच भरून घेते, पालकांची फक्त सही लागते. त्या सवयीनं इथंही कुटुंब गाफील राहतं. एप्रिल-मेच्या परीक्षेचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरावे लागतात. नेमका तोच काळ ऊसतोडीचा असतो, लग्नसराईचा असतो, मोबाईलचा रिचार्ज संपलेला असण्याचा असतो. मूल वर्गाला बसतंय, पाठ होतायत, आणि मार्चमध्ये प्रवेशपत्र काढायला गेल्यावर कळतं की परीक्षेचा अर्जच भरलेला नाही. अशा मुलाला नापास म्हणता येत नाही आणि त्याला गळालेलं म्हणायलाही कुणी तयार नसतं. कोणत्याही टक्केवारीत ते दिसत नाही.

चौथी जागा विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाची. पडद्यावर लिटमस कितीही वेळा लाल झाला तरी प्रात्यक्षिक परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावरच द्यावी लागते, आणि ती लेखी परीक्षेच्या आधी होते. लेखीचं वेळापत्रक बघत बसलेलं मूल प्रात्यक्षिकाच्या दिवशी घरी असतं. मग लेखीत पंचावन्न मिळूनही विषय अडकतो, कारण दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे यायला हरकत नाही. समजा, एका ऑनलाइन शाळेत जूनमध्ये 24 मुलांनी प्रवेश घेतला. हे आकडे केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत. दिवाळीनंतर नियमित दिसणारी 18 उरली. परीक्षेचा अर्ज 12 जणांचा गेला. पाचही पेपर नऊ जणांनी दिले आणि नऊही पास झाले. बसलेल्यांवर निकाल काढला तर 100 टक्के. अर्ज भरलेल्यांवर काढला तर 75. दिवाळीनंतरच्या पटावर 50. जूनच्या पटावर साडेसदतीस. चारही आकडे त्याच वर्गाचे, त्याच नऊ मुलांचे. छेदस्थानी कोण बसवायचं एवढाच निर्णय, आणि तो शाळा निकाल लागल्यावर घेते. शिवाय पट इतका छोटा की एक मूल म्हणजे बाराच्या वर्गात आठ टक्क्यांहून जास्त. एकाच्या आईला बाळंतपणासाठी गावी जावं लागलं आणि धाकट्याला सांभाळायला मूल घरी राहिलं की शाळेचा निकाल 'घसरला'.

पण फक्त जूनच्या पटावरच निकाल काढा असा आग्रह धरला, तर दुसरा अन्याय होतो. ज्या तीन मुलांनी अर्ज भरून पाचही पेपर दिले नाहीत, त्यांना कदाचित त्यांच्या शिक्षिकेनंच सांगितलं असेल, "आत्ता तीन विषय दे, विज्ञान आणि इंग्रजी ऑक्टोबरात." एनआयओएसमध्ये हा सल्ला अगदी शहाणपणाचा आहे. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी मिळतात, आणि सुटलेल्या विषयाचे गुण जपून ठेवले जातात. राज्य मंडळाच्या दहावीत आधी सुटलेले दोनपर्यंत विषय इकडे वर्गही करून घेता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. शाळेतून नापासाचा शिक्का घेऊन आलेल्या मुलाला पहिल्याच हप्त्यात मराठी आणि चित्रकलेत बरे गुण दिसले, की ते पुढच्या सत्रात गणिताला हात घालतं. ज्या शिक्षिकेला मुलाची नाडी कळली ती असंच करते. आणि एका वर्षाच्या निकालाच्या फूटपट्टीनं तीच मागे पडते, पाचही पेपर एकदम द्यायला लावणारी पुढे जाते. त्यातही ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत अकरावीचे प्रवेश कधीच आटोपलेले असतात, त्यामुळे ते मूल पुढच्या जूनपर्यंत घरी. या सहा-सात महिन्यांत त्याला टायपिंग, ड्रायव्हिंग, काहीतरी शिकवत ठेवलं नाही तर ते दुकानात किंवा डिलिव्हरीच्या कामाला लागतं आणि परत येत नाही. पास झालेलं मूलही असं हातचं जातं, याची नोंद तर कुठल्याच निकालात नसते.

अमेरिकेत ही गणितं आपल्याहून बरीच आधी आणि मोठ्या प्रमाणावर सुरू झाली, म्हणून तिथं काय काय बिघडलं ते बघण्यासारखं आहे. ओहायो राज्यातली 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो' ही तिथल्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन शाळांपैकी एक. शाळेला पैसे पटानुसार मिळत. 2015-16 साठी तिनं पूर्णवेळ हिशेबात 15 हजारांहून जास्त विद्यार्थी दाखवले. राज्यानं लॉगिनच्या आणि अभ्यासाच्या नोंदी मागितल्यावर जेमतेम 6 हजार 300 सिद्ध होऊ शकले. सुमारे 6 कोटी डॉलर परत करायचा आदेश निघाला, आणि जानेवारी 2018मध्ये, ऐन वर्षाच्या मध्यावर, शाळा बंद पडली. जवळपास 12 हजार मुलांना एका झटक्यात दुसरी शाळा शोधावी लागली. त्या काळच्या नियमाप्रमाणे सलग 105 तास गैरहजर राहिलेल्या मुलाचं नाव कमी करायचं असे. 'सलग' या अटीत मेख आहे: मुलानं मधे एकदा लॉगिन केलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे हजेरीचा नियम होता, पण तो शिकण्यापर्यंत पोचतच नव्हता.

फ्लोरिडानं दुसरी वाट धरली. तिथली 1997मध्ये सुरू झालेली सरकारी व्हर्च्युअल शाळा पुढे पटावर नव्हे तर मुलानं विषय यशस्वीपणे पूर्ण केला की पैसे, या तत्त्वावर चालू लागली. मला हे तत्त्व मनापासून पटतं, तरी त्यातही खाच आहे. विद्यार्थ्याला सुरुवातीला 28 दिवसांची सवलत असे. तेवढ्यात विषय सोडला तर काही बोल लागत नसे. मुलासाठी ते चांगलंच. पण त्या चार आठवड्यांत गेलेली मुलं पूर्णतेच्या टक्केवारीच्या बाहेर राहतात, आणि ऑनलाइन वर्गात सर्वांत जास्त मुलं गळतात ती नेमकी सुरुवातीच्या आठवड्यांत. अमेरिकेत किती मुलांनी बारावीपर्यंतची शाळा पूर्ण केली हा दर काढायची रीत आणखी कडक आहे: नववीत पहिल्यांदा आलेल्या मुलांचा गट धरायचा, चार वर्षांनी किती उत्तीर्ण झाले ते पाहायचं, आणि दुसरीकडे गेलेलं मूल खरोखर तिथं दाखल झाल्याचा लेखी पुरावा असल्याशिवाय त्याला गटातून काढायचं नाही. पुराव्याची ही अट आपल्याकडे आली तर किती बरं होईल. पण अकरावीच्या वयात नववीइतकेच विषय झालेले घेऊन ऑनलाइन शाळेत आलेलं मूल चार वर्षांत पूर्ण करू शकत नाही, आणि अपयश मांडलं जातं ते त्याला शेवटी जवळ करणाऱ्या शाळेच्या खाती. 2015मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रेडो केंद्राच्या अभ्यासात ऑनलाइन चार्टर शाळांतली (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र कारभारानं चालणाऱ्या शाळांतली) मुलं वर्षभरात वाचनात 72 आणि गणितात 180 दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे पडलेली आढळली, तेव्हा तिथंही हाच युक्तिवाद झाला की ही मुलं मुळातच अडचणीत होती. अभ्यासकांनी तर सारख्याच पार्श्वभूमीच्या मुलांशी तुलना केली होती. 180 दिवस म्हणजे तिथलं पूर्ण शालेय वर्ष. इतकी मोठी तफावत केवळ कोण आलं यावर ढकलता येत नाही. पडद्यावरचं गणित पाठांतरासारखं डोळ्यांपुढून जातं, वहीत उतरत नाही, आणि चूक कुठल्या पायरीवर झाली ते पाहणारं कुणी शेजारी नसतं, हेही त्यात आहेच.

म्हणून छोट्या ऑनलाइन शाळेनं टक्के छापूच नयेत असं मला वाटतं. वीस-पंचवीस मुलांचा हिशेब नावानिशी ठेवता येतो, आणि जाहीर करताना नावं झाकून एकेका ओळीत मांडता येतो: जूनमध्ये आला, दोन विषय वर्ग झाले, एप्रिलमध्ये दोन सुटले, ऑक्टोबरात एक. दुसरी आली, सप्टेंबरात परत शाळेत गेली, दाखला त्या शाळेनं मागवला. तिसरा नोव्हेंबरपासून नाही, तीन फोन, शेवटच्या फोनला काकांनी उचललं, बांधकामावर आहे. चोवीस ओळी एका पानावर मावतात. पालकांना त्या पानातून जेवढं कळेल तेवढं 100 टक्क्यांतून कधीच कळणार नाही. स्वतःच्या मुलासारखं मूल त्या यादीत शोधता येईल आणि त्याचं पुढं काय झालं ते पाहता येईल. असं पान ठेवणारी शाळा पहिल्या वर्षी जाहिरातीत हरेल हे मी मान्य करतो. पण दुसरी-तिसरी बॅच आली की ज्यांच्या मुलांना पूर्ण दोन वर्षं लागणार आहेत असे पालक तिच्याकडेच येतील, आणि खरं तर ऑनलाइन शाळेची गरज त्यांनाच सर्वांत जास्त असते.

या पानासाठी मोठी यंत्रणा लागत नाही, फक्त तारखा ठरवाव्या लागतात. पहिली नोंद प्रवेशानंतर आठ आठवड्यांनी, दुसरी परीक्षा-अर्जाची मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी, कारण तेव्हा अजून काही करता येतं. तिसरी निकालानंतर. चौथी, जी जवळपास कुणीच करत नाही, ती पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात: अकरावी, आयटीआय, काम, लग्न की घरी? एवढा एकच प्रश्न विचारायचा. अडचण येते ती फोन लागण्याची. मुलांचे नंबर वर्षभरात बदलतात, वडिलांचं सिम रिचार्जविना बंद पडतं. म्हणून प्रवेशाच्या फॉर्मवर आईवडिलांखेरीज तिसरा एक नंबर घ्यावा, मामाचा, आत्याचा, किराणा दुकानदाराचा, कुणाचाही, पण गेली पाच वर्षं न बदललेला. आणि तो नंबर फॉर्म फाइलला लावायच्या आधी, पालक समोर बसलेले असतानाच, एकदा लावून बघावा.